इशारा वाडीपर्यंत येतो, वाडीची हाक बाहेर जात नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड
(तसेच रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांची प्राधिकरणे)

विषय : दरडीच्या आणि पुराच्या गावांत गावकऱ्यांनी चालवायचे वायरलेस जाळे

महोदय,

मे महिना आला की तालुक्यातालुक्यांत मान्सूनपूर्व बैठका सुरू होतात. नियंत्रण कक्षांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर होतात, ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवले जातात, व्हॉट्सॲपवर फिरतात. हे पत्र त्या क्रमांकांबद्दल आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये माळ्यावर चढून बसलेल्या माणसांच्या खिशात ते क्रमांक होते. फोन लागत नव्हता. चिपळूणची कथाही तीच. त्या दिवशी तळियेत दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि बाहेरची मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रस्ते पाण्याखाली होते, घाटात दरडी होत्या, हे सगळे खरे. पण कोणत्या वाडीवर काय झाले आहे हेच मुळात खाली कळत नव्हते. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही त्याच पावसात डोंगर खाली आला. एकाच वेळी तीन ठिकाणांहून हाक येते तेव्हा कुठे आधी जायचे हे ठरवायला निदान त्या तिन्ही हाका ऐकू तरी यायला हव्यात.

मी महाड तालुक्यात राहतो आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, आहे. त्यामुळे तक्रारीबरोबर एक योजनाही मांडतो.

आधी जे सुधारले ते मान्य करतो. ‘सचेत’ ही मोबाइलवर आपत्तीचे इशारे पाठवणारी सरकारी यंत्रणा आली, मोबाइल एकदम किंचाळून पडद्यावर इशारा दाखवायला लागला, लाल आणि नारिंगी रंगांचे अर्थ आता आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाले आहेत. पण हा सगळा एकतर्फी कारभार आहे. इशारा वाडीवर पोहोचला का? पोहोचल्यावर वाडी हलली का? झऱ्याला अचानक लाल गढूळ पाणी यायला लागले आहे का, वरच्या वरकसात भेग पडली आहे का, एखादे झाड कालच्यापेक्षा कललेले दिसते आहे का? ही माहिती फक्त वाडीवरच्या माणसाकडे असते आणि ती वर कळवायला त्याच्या हातात तोच मोबाइल असतो, जो नेमका तेव्हा मेलेला असतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले ते बाहेरच्या जगाला एसटीच्या चालकाकडून समजले. तो नेहमीच्या फेरीवर गेला आणि समोर गावच नव्हते. त्या दिवशी एसटी रद्द झाली असती तर?

मोबाइल का मरतो याची कारणे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहेतच, तरी लिहितो, कारण दरवर्षी ‘कंपन्यांना टॉवर सुरू ठेवण्याच्या सूचना दिल्या आहेत’ एवढ्यावर हा विषय संपतो. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास ओढते. मग जनरेटर आणि जनरेटरला डिझेल. डिझेलचा कॅन घेऊन जाणारा माणूस ज्या रस्त्याने येणार तोच खचलेला असतो. टॉवर चालू राहिला तरी त्याला शहराशी जोडणारी फायबर रस्त्याकडेनेच गेलेली असते; एक मोरी वाहून गेली की दहा गावे मुकी. आणि यातून जे टॉवर वाचतात त्यांच्यावर मुंबई, सुरत, पुण्यातून चाकरमान्यांचे फोन एकाच वेळी कोसळतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, माणगावकडे वीज यायला कित्येक दिवस लागले, काही गावांत आठवडे. माणसे ‘आम्ही बरे आहोत’ एवढे सांगायला रेंज शोधत मैलोन् मैल फिरत होती. सूचना देऊन भौतिकशास्त्र बदलत नाही, महोदय.

आता आमच्याच दारावरून जाणारे एक उदाहरण. कोकण रेल्वे हाच डोंगर, हाच पाऊस आणि याच दरडी घेऊन चालते. तिने काय केले आहे? प्रत्येक स्थानकात २५ वॅटचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) वायरलेस संच, चालक आणि गार्डकडे वॉकीटॉकी, आणि रुळाच्या कडेने साधारण दर किलोमीटरला आपत्कालीन फोन जोडण्याचे सॉकेट. पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा माणूस रुळावर माती आलेली पाहतो आणि गाडी थांबते. यात कुठेही मोबाइल कंपनीवर भरवसा ठेवलेला नाही. माझा प्रश्न साधा आहे. रुळावर माती आली तर ते कळवायची जी सोय आहे, ती रुळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरांवर माती आली तर का नसावी? दरडींखाली गेलेल्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या महाड तालुक्यातल्या गावांनी हा प्रश्न २००५ सालीच विचारला होता.

वायरलेसचा मोठा गुण असा की मधे कुणी लागत नाही. दोन संच, दोन बॅटऱ्या, दोन ॲंटेना, बस. दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा आणि तो बैठकांत कधी चर्चेला येत नाही. फोनवर दोघेच बोलतात. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात, चावडीवर बोलल्यासारखे. तहसील कार्यालयात सॅटेलाइट फोन असतो, तो हवाच, पण तो एका टोकाचा आहे. वरच्या वाडीने ‘साकव गेला’ म्हटले की खालच्या वाडीला वेगळे कळवावे लागत नाही, ती ऐकत असतेच. पुराच्या रात्री यानेच जीव वाचतात.

असे जाळे चालते कसे, ते थोडक्यात दाखवतो. रोज संध्याकाळी आठ वाजता एक जण, आमच्या भाषेत नेट कंट्रोल, एकेका गावाला नावाने हाक मारेल. ‘पारमाची?’ ‘आहे. पाऊस धरून आहे, ओढा साकवाखाली हातभर.’ ‘वरंध?’ ‘आहे. लाइट नाही. बाकी ठीक.’ ‘वाळण?’ उत्तर नाही. पुन्हा ‘वाळण?’ मग शेजारच्या गावाला सांगायचे, सकाळी जाऊन बघा. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. यातली खरी किंमत न आलेल्या उत्तराची आहे. ज्या गावाचे उत्तर आले नाही ते त्याच रात्री कळते, दुसऱ्या दिवशी एसटीच्या चालकाकडून नव्हे.

व्हीएचएफच्या लहरी सरळ जातात आणि सह्याद्री काही बाजूला होत नाही, ही खरी अडचण. खोऱ्यातल्या दोन वाड्यांमध्ये एक सोंड आली की पाच वॅटचा हँडी संच निरुपयोगी. यावर उपाय म्हणजे उंचावर रिपीटर: एका वारंवारतेवर ऐकायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोराने पुन्हा सांगायचे. आणि इथेच हे पत्र एका जिल्ह्याला न लिहिता तीन जिल्ह्यांना का लिहिले ते सांगतो. पोलादपूर-महाडच्या खोऱ्यावर सर्वांत चांगली नजर कुठून पडते? महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यांवरून. ते आहे साताऱ्यात. पूर येतो रायगडमध्ये. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातले पश्चिमेला उतरलेले पाणी सावित्रीने महाडला आणले, पूर्वेकडचे कोयनेला गेले. हा आकडा दर तासाला पोलादपूर, बिरवाडी, महाडच्या बाजारपेठेत बोलून सांगितला गेला असता तर दुकानदारांनी माल वर चढवला असता, माणसांनी गाड्या वरच्या अंगाला नेल्या असत्या. सावित्रीला जिल्ह्याची हद्द लागत नाही, लहरींनाही नाही. हद्द लागते ती फायलीला. म्हणून तिन्ही अध्यक्षांनी एकत्र बसून एक वारंवारता आणि एक रिपीटर ठरवावा, एवढीच पहिली विनंती.

रिपीटर बंद पडला तर काय, हा प्रश्न कुणीतरी विचारेलच, आणि विचारावाच. उंचावरचे यंत्र म्हणजे विजांना आमंत्रण. त्यासाठी हॅम लोकांकडे जुनी युक्ती आहे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण २० मीटर तांब्याची तार दोन झाडांना मुद्दाम कमी उंचीवर, छपराच्या पातळीला बांधायची. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनमंडलावर आपटून खाली येतात आणि डोंगर मधे असला तरी दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत सगळीकडे ऐकू येतात. अलिबाग, पुणे, मुंबई सगळे त्यात आले. याला रिपीटर लागत नाही, टॉवर लागत नाही. मोटारीची बॅटरी आणि परवाना असलेला माणूस लागतो. प्रत्येक तालुक्यात असे दोन-तीन हॅम असले तरी तालुका कधी पूर्ण मुका होणार नाही.

परवान्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण उत्साहाच्या भरात गावे चूक करतात. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी आणून वाटू नका, कुणाला वाटू देऊ नका. त्यातले पुष्कळ संच पोलिसांच्या, विमानांच्या वारंवारतांवरही बोलू शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही आणली, ते योग्यच झाले. पण याचा अर्थ दार बंद आहे असा नाही. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. अर्धा वॅट म्हणजे काही फार नाही, पण एकाच वाडीतली वरची आळी, खालची आळी आणि शाळा एवढ्यांना पुरते. खरेदी करताना संच त्याच पट्टीपुरता बांधलेला आणि मान्यताप्राप्त आहे ना, ते मात्र पाहावे लागते. गावागावांना जोडणाऱ्या मोठ्या जाळ्यासाठी प्राधिकरणाने स्वतःच्या नावाने दूरसंचार विभागाकडे वारंवारता मागावी. ‘सरल संचार’ संकेतस्थळावर अर्ज होतो. तो अर्ज एखाद्या सरपंचाने केला तर वर्षभर पडून राहील. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने गेला तर त्याची दखल वेगळी घेतली जाईल, हे तुम्हीही जाणता. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने तुम्हाला ती ताकद दिलेली आहे.

तिसरा मार्ग हॅमचा, आणि तो लोक उगाच अवघड समजतात. वयाची अट १२ वर्षांची. परीक्षेत थोडे रेडिओशास्त्र आणि नियम. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, फक्त वरच्या श्रेणीला. दहावीचे विज्ञान नीट शिकलेल्या मुलीला हे जड जाऊ नये. मर्यादाही सांगतो: हॅमच्या परवान्यावर धंदा करता येत नाही, पगारी काम करता येत नाही, खासगी गप्पांसाठी दुसऱ्याचे निरोप वाहता येत नाहीत. आपत्तीत मात्र हाच माणूस कामाला येतो. १९९३ च्या किल्लारीत हॅम गेले, २००१ च्या भुजमध्ये गेले. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला आधीच पोहोचलेले होते, ॲंटेना उभ्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच केंद्र अंदमानचा बाहेरच्या जगाशी दुवा झाले. यातला ‘आधीच’ महत्त्वाचा. किल्लारीत आणि भुजमध्ये हॅमना बाहेरून जावे लागले. पावसाळी कोकणात बाहेरून जाता येत नाही, हेच तर आपले दुखणे आहे.

संच कुणाच्या हातात द्यायचा? इथे माझे मत ठाम आहे आणि काहींना ते आवडणार नाही. कागदावर हे काम पोलीस पाटील, कोतवाल किंवा ‘आपदा मित्र’ (आपत्तीत मदतीसाठी सरकारने प्रशिक्षित केलेला स्वयंसेवक) तरुणाकडे जाईल. आपदा मित्रांना प्रशिक्षण चांगले मिळाले. त्यांच्या किटमध्ये लाइफ जॅकेट आहे, टॉर्च आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे, शिट्टीसुद्धा आहे. वायरलेस नाही, तो द्यावाच. पण आमच्या वाड्यांमध्ये जुलैच्या मंगळवारी दुपारी घरी कोण असते ते पाहा. तरुण पोर मुंबईला, नाहीतर एमआयडीसीत पाळीवर. वाडीवर असतात आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया आणि म्हातारी माणसे. संच तिथेच हवा. बटण दाबून क्षणभर थांबायचे आणि मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. बोलून झाले की ‘ओव्हर’. एका दुपारी शिकता येते. रोज आठच्या हजेरीने ते अंगवळणी पडते. प्रत्येकीला या कामाचे काही मानधन द्या. हॅमच्या पट्ट्यावर ते चालणार नाही, म्हणून प्राधिकरणाची स्वतःची वारंवारता हवी, हेही त्यामागचे एक कारण.

देखभालीबद्दल दोन शब्द, कारण सरकारी संच पहिल्या पावसात मरतात ते तंत्रामुळे नाही, दुर्लक्षामुळे. ॲंटेनाच्या वायरीत पाणी शिरते. जोड उघडा राहिला की केबल पाणी पिते आणि संच चालू दिसतो, आवाज मात्र कुठेच जात नाही. त्या जोडावर रबरी टेप गच्च ओढून गुंडाळायची, त्यावर साधी इन्सुलेशन टेप, आणि केबल खाली उतरताना तिला एक वाकण ठेवायचे म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चांगली ॲंटेना करायला अर्ध्या मीटरचे तांब्याचे दांडे पुरतात आणि उभी करायला गुढीचा बांबूही चालतो. चार्जिंगसाठी सोलर पॅनेलची फॅशन आहे. आषाढात सलग आठवडाभर ऊन पडत नाही हे विकणारा सांगत नाही. रिक्षा-टेम्पोच्या बॅटरीवर संच चालेल अशी वायर प्रत्येक संचाबरोबर द्या. गावात टेम्पो असतोच.

आमच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने मला विचारले, काका, हे जुने कशाला? ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये विनापरवाना छोटे लोरा (कमी विजेवर लांबपर्यंत छोटे संदेश पाठवणारे रेडिओ) संच लावून मोबाइलवरून लघुसंदेश पाठवता येतात, एक संच दुसऱ्याला पुढे ढकलतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे आणि पर्जन्यमापकाचे आकडे, पुलाची पाणीपातळी यांसाठी ते उत्तम आहे. जरूर करून पाहा. पण भिजलेल्या हातांनी, अंधारात, चष्म्याशिवाय टाइप करता येत नाही आणि मजकुरात घाबरलेला आवाज ऐकू येत नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येणे मला तरी गरजेचे वाटते.

यादीबद्दलही एक सांगायचे आहे. तुमच्याकडे दरडप्रवण गावांच्या याद्या आहेत, संच द्यायचे झाले तर साहजिकच त्या यादीप्रमाणे दिले जातील. १९ जुलै २०२३ च्या रात्री गेलेली खालापूरची इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, हे विधिमंडळातच सांगितले गेले. तिथे गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके पावसात पायवाटेने चढून गेली. म्हणून संच देताना दुसरी कसोटी लावा: जिथे गाडी जात नाही त्या प्रत्येक वाडीला आधी. भूगर्भतज्ज्ञांची चूक होऊ शकते, पायवाट मोजायला चूक होत नाही.

गुप्तता आणि गैरवापराची शंका पोलीस खात्याकडून येईल. ती रास्त आहे. प्रत्येक संचाला क्रमांक, प्रत्येक चालवणाऱ्याचे नाव नोंदलेले, वारंवारता बदलता येणार नाही अशी पक्की करून दिलेली, आणि तालुक्याला ऐकणारा एक पोलीस कर्मचारी, इतके केले की पुरे. अफवेची भीतीही दाखवली जाईल. व्हॉट्सॲपवर अफवा कुणी पसरवली ते शोधत बसावे लागते. रोजच्या हजेरीत शेजारच्या गावच्या सुनंदाताईंचा आवाज सगळे ओळखतात, तिथे नवखा माणूस बोलला की लगेच विचारले जाते, तू कोण?

सरावासाठी वेगळी रंगीत तालीम, फोटो, बॅनर काही नको. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकाला प्रचंड गर्दी होते. पाचाडपासून वर मोबाइलची रेंज गुदमरते, हरवलेली पोरे, धाप लागलेले म्हातारे, अडकलेल्या गाड्या, सगळे एका दिवसात. बंगालमध्ये गंगासागर मेळ्यात हॅम लोक दरवर्षी ताटातूट झालेल्या माणसांना घरच्यांपर्यंत पोहोचवतात. आपल्याकडे तेच रायगडावर करू. पाचाड, चित् दरवाजा, महादरवाजा, होळीचा माळ, प्रत्येक ठिकाणी एक संच. पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर, खऱ्या गर्दीत, खऱ्या कामासाठी. जो संच त्या दिवशी बोलला नाही तो जुलैत बोलणार नाही, हे तिथेच कळेल आणि दुरुस्तीला वेळही मिळेल.

सगळ्या जिल्ह्याचा प्रकल्प अहवाल, सल्लागार, निविदा या वाटेने गेलात तर आणखी तीन पावसाळे जातील. सावित्रीचे एक खोरे घ्या: पोलादपूर आणि महाडच्या वरच्या अंगाच्या वीस वाड्या, महाबळेश्वरच्या कड्यावर एक रिपीटर, महाडच्या तहसील कार्यालयात एक ऐकणारा माणूस. एक पावसाळा चालवून पाहा. चालले तर चिपळूणकरांना वाशिष्ठीसाठी तेच द्या, नाही चालले तर का नाही ते आम्ही लिहून देऊ.

आमच्या बाजूने इतके करता येईल. हॅमच्या परीक्षेचा वर्ग आम्ही विनामूल्य घेऊ, ॲंटेना बांधून देऊ, पहिले वर्षभर आठच्या हजेरीला नेट कंट्रोल म्हणून बसू. प्राधिकरणाकडून हवा आहे वारंवारतेचा अर्ज, साताऱ्याला एक फोन, आणि वर्गासाठी एखाद्या शाळेची खोली रविवारपुरती. खोलीत वीज नसली तरी चालेल.

आपला,
एक परवानाधारक हॅम
महाड तालुका, जिल्हा रायगड